साण्याच्या तोंडात सिमेंट

मी साणं बोलतंय. मातीच्या माळवदाला उजेडासाठी ठेवतात ना, ते वीतभर भोक. चाकूरजवळच्या एका गावात, शेषेरावांच्या घरावर माझा जन्म झाला. आता माझं तोंड सिमेंटनं बुजवलंय, तरी मी बोलणार आहे.

शेषेरावांचा धाकटा भाऊ गुरुलिंग चित्रकार. अठरा वर्षं पुण्यात हॉटेलांच्या भिंतींसाठी चित्रं काढत होता. एकदा यात्रेला घरी आला. भर दुपार होती. त्याची वहिनी शिवकांता माझ्याखाली तूर निवडत बसलेली, माझा कवडसा तिच्या सुपात. हा दारातच थबकला.

"वहिनी, हालू नका! हाच उजेड मी तिथं हुडकत होतो."

"का हो भावजी, पुण्यात ऊन पडत न्हाई का?"

तो परत गेलाच नाही. माझा कवडसा उतरंडीवरून जात्यापर्यंत कसा सरकतो, ते खडूनं जमिनीवर आखून ठेवायचा. वहिनी रोज सकाळी शिडीनं वर चढायची, माझ्यावरचं घमेलं काढायची आणि वरूनच ओरडायची, "भावजी, तुमचा उजेड उघडला बघा!"

जन्माचं सार्थक झालं, असं मला वाटलं. किती भोळं मी!

लातुरात प्रदर्शन गाजलं. पत्रकार घरी आले. माझ्याकडे बोट दाखवून गुरुलिंग म्हणाला, "ह्याच्यासाठी शहर सोडलं." तसं छापूनही आलं.

मग वहिनी चार दिवस भोकरला माहेरी गेली. जाताना बजावून गेली, "सांजच्याला घमेलं ठेवा. आभाळाचा भरवसा न्हाई." हा विसरला. पाऊस आला, मोठं चित्र भिजलं. दुसऱ्याच दिवशी गवंडी हजर! विसर त्याचा, शिक्षा मला.

वहिनी परतली. वर बघतच राहिली.

"घमेलं कुणी ठेवायचं होतं, भावजी?"

"एलईडी लावलाय की, वहिनी. लई लख्ख हाय."

"हाय. पर ह्यो सरकत न्हाई."



आता तो मोबाइलमधल्या माझ्या जुन्या फोटोंवरून चित्रं काढतो, माझ्याच खाली बसून. पुढच्या महिन्यात नांदेडला प्रदर्शन आहे. नाव ठेवलंय 'घरचा उजेड'.

वहिनी अजून दुपारी सवयीनं जुन्या जागी सूप घेऊन बसते. डोळे बारीक करते, उठते आणि उंबऱ्याशी उजेडाला जाऊन बसते.

तुम्ही नांदेडला गेलात, तर त्याला विचारा, हा उजेड येतो कुठून? तो नेहमीसारखं वर बोट करील. तेव्हा भुलू नका. म्हणा, "चला तुमच्या घरी. दाखवा."