बाबांचं मत

तरुणपणी तो गोलात उभा राहिला की चेंडू आत जात नसे, म्हणून दोस्तमंडळी त्याला ‘भिंत’ म्हणायची. पुढे गुडघे गेले, पोट सुटलं, आणि भिंत देशाच्या फुटबॉल संघटनेची अध्यक्ष होऊन बसली. संघटना लहान. दोन खोल्यांची कचेरी, त्यातल्या एका खोलीत नुसत्या जाळ्या आणि हवा गेलेले चेंडू. पण मोठ्या स्पर्धेचं यजमानपद कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या सभेत तिलाही बड्या देशांसारखंच एक मत होतं.

त्याची मुलगी शाळेमागच्या खडीच्या मैदानावर मुलींच्या संघाला शिकवायची. गुडघ्याला पट्टी नाही अशी एकही पोर तिथे सापडायची नाही. त्या वर्षी यजमानपदाच्या शर्यतीत दोनच देश उरले होते, आणि त्यांतल्या एकात बायकांना स्टेडियममध्ये पाऊल टाकायला बंदी होती. मुलीनं ठिकठिकाणच्या चाळीस प्रशिक्षक बायकांच्या सह्या जमवून त्या देशाविरुद्ध पत्र तयार केलं आणि बाप सभेला निघाला तेव्हा स्वतःच्या हातानं त्याच्या बॅगेत ठेवलं. सभेत वाचून दाखवा, म्हणाली. त्यानं मान डोलावली.

सभेच्या आदल्या दिवशी त्या बंदीवाल्या देशाचा एक गृहस्थ त्याला चहाला घेऊन बसला. फार अदबीचा माणूस. त्यानं गुडघ्यांची चौकशी केली, तीस वर्षांपूर्वी भिंतीनं अडवलेली एक पेनल्टी आठवून सांगितली. मग बोलता बोलता म्हणाला की लहान संघटनांना कृत्रिम गवताची मैदानं बांधून द्यायचं आमच्या मनात आहे. तुमच्या मुली खडीवर खेळतात असं ऐकलं, वाईट वाटलं. अट कसलीच घातली नाही. भिंतीनं आणखी एक कप मागवला.

दुसऱ्या दिवशी पत्र बॅगेतच राहिलं. मतदान गुप्त होतं. त्यानं बटण दाबलं आणि तो देश तीन मतांनी जिंकला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आवाज रडून बसला होता. हरलो ते हरलो, पण तुम्ही तरी आमच्या बाजूनं मत दिलंत ना, असं तिनं विचारलं.

“हे काय विचारणं झालं?” तो म्हणाला.

खोटं असं तो एक अक्षर बोलला नव्हता. पुढे कितीतरी दिवस त्यानं स्वतःची हीच समजूत घातली.

नऊ महिन्यांत मैदान तयार झालं. लहान संघटनांच्या निधीतून मिळालं, एवढंच त्यानं घरी सांगितलं. पहिल्या दिवशी मुली मुद्दाम पडून बघत होत्या, खरचटत कसं नाही ते. मुलीनं एका वर्तमानपत्राला सांगितलं की बाबांनाही आमिषं दाखवली असतील, पण ते बधले नाहीत. आईनं ती बातमी शेजारणीला मोठ्यानं वाचून दाखवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं भिंतीचं झालं; कचेरीतल्या शिपायानं ‘वाचलं हं, साहेब’ म्हटलं तरी ते टोचून बोलल्यासारखं वाटायचं.

दोन वर्षांनी त्या मतदानावरून एवढी ओरड झाली की चौकशी बसली आणि कुणी कुणाला मत दिलं आणि त्यानंतर कुणाला काय मिळालं ते नावानिशी जाहीर झालं. सकाळी नाश्त्याच्या वेळी वार्ताहराचा फोन आला तेव्हा भिंतीला कळलं. तसाच उठून तो मैदानावर गेला. निदान मुलीला आपल्या तोंडून कळावं, एवढीच त्याची धडपड. पण ती बाकावर मोबाइल हातात घेऊन बसली होती आणि तिनं वर बघितलं तेव्हाच त्याला उशीर झाल्याचं समजलं.

“मैदान आधी ठरलं की मत?” तिनं विचारलं.

“दोन्ही एकाच चहात.”

“आणि पत्र?”

“बॅगेतनं काढलंच नाही.”

तिनं मोबाइल बाकावर पालथा ठेवला. म्हणाली, “मी या पोरींना तुमचं उदाहरण देत आले, बाबा. हे आता मी नाही निस्तरणार. तुम्ही सांगा.”

बावीस मुली बूट बांधत बसल्या होत्या. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. एकदा ‘तुमच्यासाठी’ असा शब्द जिभेवर आला, तो त्यानं गिळला. जमिनीनं पोटात घ्यावं म्हणावं, तर पायाखाली तेच गवत.

संघाची गोलकीपर पोरगी तेरा वर्षांची होती. ती म्हणाली, “म्हणजे आम्हाला खेळायला मिळालं, म्हणून तिकडच्या मुलींना बघायलाही मिळणार नाही?”

“तसंच झालं,” तो म्हणाला.

मग आता मैदान परत देणार का, असं दुसरीनं विचारलं. त्यानं मुलीकडे पाहिलं. तिनं ते पोरींवरच सोडलं.

मुलींनी आपसात हात वर करून ठरवलं. सोळा जणी तिथेच खेळत राहिल्या, सहा जणी खडीवर परत गेल्या. मुलगी एक दिवसाआड दोन्हीकडे शिकवू लागली. भिंतीनं राजीनामा दिला आणि त्यात कारण स्वच्छ लिहिलं. संघटनेनं मात्र ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं छापून आणलं. त्यानं वर्तमानपत्राला पत्र पाठवलं. ते आतल्या पानावर चार ओळींत आलं. ते वाचल्याचं कुणी बोललं नाही.

मुलगी घरी येत राहिली. औषधं घेतलीत का विचारायची, भाजी आणायची. फुटबॉलचा विषय तेवढा काढायची नाही.

स्पर्धेच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी ती दुपारीच आली आणि आईशेजारी बसून तिनं टीव्ही लावला. कॅमेरा प्रेक्षकांवरून सावकाश फिरला. आई चष्मा पुसून पुढे वाकली आणि म्हणाली, “सगळे पुरुषच दिसतायत गं.”

“हो,” मुलगी म्हणाली.

भिंतीला उठून आत जावंसं वाटलं. तो उठला नाही. नव्वद मिनिटं तो त्या दोघींच्या मागच्या खुर्चीत बसून राहिला, आणि दोघींपैकी एकीनंही मागे वळून पाहिलं नाही.