बारा दिवसांची खुर्ची

कानामागे खोचलेला पेन्सिलीचा तुकडा.

समुद्रावरून येणारी हवा, इतकी दमट की बरणीतलं मीठ गोळा होतं.

कैरोतल्या एका आजींचं मोडलेलं मनगट.

बारा दिवस.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. वय चार वर्षं. हसू नका. पाय निखळलेली खुर्ची चार वर्षांची असली तरी जुनीच. आणि मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते. गोड बोलणारी खुर्ची हवी असेल तर दुकानात जा.

माझा जन्म दमिएत्ताचा. नाईल जिथे समुद्राला मिळते, ते हे गाव. इथल्या गल्लीगल्लीत रंधे चालतात. बीच नावाच्या परदेशी झाडाचं लाकूड बोटीतून उतरतं ते ओलंच. मेतवल्ली सुताराने माझ्या फळीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "ही अजून पाणी पिऊन बसलीये. बारा दिवस भट्टीत वाळवावी लागेल."

समोर रामेझ उभा होता. कैरोचा इंजिनिअर. त्याच्या फोनवर त्याने काढलेलं माझं चित्र होतं. बारीक पाय, साधी पाठ, नक्षीचा मागमूस नाही.

"बारा? चार दिवसांत प्रदर्शन आहे, उस्ताद!"

मेतवल्लीची बहीण इन्शिराह बाजूलाच लाकूड घासत होती. ती फटकन म्हणाली, "इंजिनिअरसाहेब, मशब्बकची जिलबीसुद्धा पाकात मुरू देतात. तुम्ही काय तळणीतूनच उचलून खाता?"

"बाई, गल्लीत शंभर सुतार आहेत."

"मग जा की! शंभरही हेच सांगतील."

पण मेतवल्लीने चार दिवस कबूल केले. तिथेच चुकला तो. रंधा उचलला. पटाशीने खाचा पाडल्या, पायांच्या टोकांना त्या खाचांत बसणारी कुसवं काढली. ज्या पायाचं कुसू त्याच खाचेत जावं म्हणून इथले सुतार खाचेच्या आत पेन्सिलीने आकडा घालतात. मेतवल्लीला आकड्याशेजारी एखादी ओळ लिहायचीही खोड. एकदा सांधा बसला की ती कुणालाच दिसत नाही. माझ्याही खाचेत त्याने काहीतरी लिहिलं. मग सरस लावला, शिकंजा आवळला.

सरस वाळल्यावर त्याने मला डोक्याएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकलं. एकदा, दोनदा, तीनदा. गल्लीची ती रीतच आहे. मी कुरकुरलेसुद्धा नाही.

"बघ," तो बहिणीला म्हणाला, "दमिएत्ताची खुर्ची आहे. बायको नवऱ्याला सोडेल, ही पाय सोडणार नाही."

"दादा, इथे नाहीच सोडणार. इथली हवाच ओली. कैरोची आहे का तशी?"

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जन्मभर समुद्राकाठी राहिलेल्या माणसाला कोरडी हवा ठाऊक असते, पण पटत नाही.

प्रदर्शनात माझं फार कौतुक झालं. "काय रेषा आहेत!" लोक म्हणाले, आणि रामेझचा हात हातात घेतला. माझ्या बैठकीखाली मेतवल्लीने आपलं नाव लिहिलं होतं. रामेझने ते आदल्याच दिवशी पॉलिश पेपरने घासून काढलं होतं आणि तापल्या लोखंडाने तिथे स्वतःचा शिक्का डागला होता. मला चटका बसला. कुणी विचारलं नाही.

मग कैरोतल्या एका श्रीमंत घरात गेले. दिवसरात्र एसी. माझ्यातलं पाणी उडालं, कुसवं आकसली, सरस सुटला. तिसऱ्या महिन्यात एक आजी चहाचा पेला घेऊन माझ्यावर बसल्या, आणि माझा पाय निसटला.

मोडलेलं मनगट धरून त्या विव्हळत होत्या. मी त्यांना पाडलं होतं. हे मी विसरत नाही.

आता रामेझला नाव आठवलं! घासून काढलेलं नाव. "मेतवल्ली, दमिएत्ता. फसवा सुतार." पत्त्यासकट त्याने ते फोनवरून साऱ्या गिऱ्हाइकांना कळवलं. कौतुक त्याचं, खापर मेतवल्लीवर. महिन्याभरात दुकानातले रंधे थंडावले.

एवढ्याने भागलं नाही. मला गाडीत टाकून तो गल्लीत आला आणि ओरडू लागला, "बघा, बघा ह्याची कारागिरी!"

इन्शिराहने मला उलटं केलं. खाचेत डोकावली. मग गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं:

"'पाय तिसरा. लाकूड ओलं. बारा दिवस मागितले, चार मिळाले. मेतवल्ली.' साहेब, आता हेही घासणार? आत बोट घालून घासा!"

गल्ली हसली. रामेझ तोंडातल्या तोंडात पुटपुटत गाडीत बसला. पण कैरोत पसरलेला त्याचा निरोप त्याने आजतागायत मागे घेतलेला नाही. गल्लीत मेतवल्लीचं नाव धुऊन निघालं. बाहेर नाही.

आणि मेतवल्ली? तो हसला नाही. खाचेतल्या त्या ओळीवर त्याने बोट टेकवलं. "लिहिलं खरं," तो म्हणाला, "पण सरस मीच लावला ना." माझा त्याच्यावरही राग आहे, तो एवढ्याच गोष्टीपुरता. ज्या हाताने खरं लिहिलं, त्याच हाताने ते झाकलं.

त्याने माझा पाय पुन्हा बसवला नाही. तीन पायांची मी भिंतीला टांगलेली आहे, खाच उघडी ठेवून. घाईचं काम घेऊन कुणी आलं की तो नुसतं बोट दाखवतो. काही जण वाचून थांबतात. बरेच जण शेजारच्या दुकानात जातात.

मित्रांनो, खुर्ची घेताना तिला उलटी करा. खालचं नाव वाचा. नाव नसेल तर विचारा, कुणी घासलं? आणि कुणी "चार दिवसांत देतो" म्हणाला, तर त्या खुर्चीवर तुमच्या आजीला बसवू नका.

मी ज्या झाडाची आहे, ते तोडलं तेव्हा एकशे दहा वर्षांचं होतं. त्यावर आणखी फक्त बारा दिवस हवे होते.