कोटाची आतली बाजू

इस्त्री उभी करून, अर्धा झालेला कोट टेबलावर तसाच टाकून काकू पुन्हा संडासाकडे पळाल्या. बाहेर आल्या तर नवरा दुधाचा पेला घेऊन हजर. गर्भपिशवीच्या गाठीसाठी इस्पितळात मशीनच्या किरणांचा शेक सुरू झाल्यापासून बायकोच्या अंगात ताकद भरायचा त्याने चंगच बांधला होता. काकूंनी पेला गुमान रिकामा केला. पोटात लगेच गुरगुरायला लागलं.

जुलाबाचं नाव काढलं तर शेक बंद होईल आणि गाठ पुन्हा डोकं वर काढेल, या भीतीने त्या मूग गिळून बसल्या होत्या. पण शेकानेच पोट बिघडलं की काय, हे कुतूहल कसलं गप्प बसतंय! रोज आरशासमोर पोट निरखायच्या. डाग नाही, फोड नाही. जन्म इस्त्रीत गेलेल्या बाईला भाजलेलं कळणार नाही होय? मग दोष कधी भाजीला, कधी पाण्याला.

शेवटी इस्पितळाच्या बाकावरच भोवळ आली आणि बिंग फुटलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत.

"शेकाने आतडं सुजलंय, काकू."

"पण वर तर काहीच दिसत नाही!"

"तो कातडीवर थांबत नाही, आत शिरतो. गाठीशेजारी आतडं असतं, त्यालाही झळ लागते."

काकूंना हसूच फुटलं. नवशिकी असताना त्यांनी एक लोकरी कोट असाच बिघडवला होता. वरून झकास, आत अस्तर पार आक्रसलेलं. तेव्हापासून कुठलाही कोट आधी उलटून बघायच्या. एवढं अंगवळणी पडलेलं, आणि स्वतःच्या बाबतीत मेलं सुचलं नाही.

हसू ओसरलं तशी भीती वर आली. "म्हणजे शेक बंद?"

"चार दिवस थांबू. उरलेला नीट देता यावा म्हणूनच थांबायचं. गोळ्या देते. आणि सध्या दूध बंद, त्याने जुलाब वाढतात."

शेजारी उभ्या नवऱ्याचा चेहरा पडला.

घरी आल्यावर सवयीने त्याने पेला भरलाच. मग दारातच थबकला, आणि दूध मुळीच न आवडणारा तो माणूस तोंड वाकडं करत स्वतःच प्यायला. काकूंनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

इस्त्री तापवून त्यांनी कोट उलटा केला, अस्तरावर ओलं फडकं पसरलं. इस्त्रीजवळ हात नेऊन पाहिला. फार तापली होती. बटण बंद करून त्यांनी ती उभी ठेवली. गाठीची धास्ती मनात होतीच. पण घाई न करता, कोटावर हात ठेवून, त्या इस्त्री निवायची वाट बघत बसल्या.