शेपटातली पेटी

दादा गेला तेव्हा मी रडले नाही. मावशीने कानाशी लागून सांगितलं, "रड गं, मोकळी हो." मी काय नळ आहे, पिळला की वाहायला? मी उठून कामावर गेले. दादाचं विमान आमच्या वर्कशॉपमध्ये अर्धवट उघडून ठेवलेलं होतं. वैमानिकासमोरची जुनी काट्यांची गोल घड्याळं काढून त्या जागी नवे स्क्रीनचे पडदे बसवायचं काम त्यानेच मला दिलं होतं, आणि तो झोपेतच गेला. वायरी लोंबकळत होत्या. कोणीतरी त्या जोडायला हव्या होत्या.

मी जोडल्या. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. हात चालत होते, डोकं बधिर होतं. जेवण समोर आलं की जेवायचं, गेलं की गेलं.

आता ते विमान वहिनी उडवते. लग्नाआधीपासून तिच्याकडे परवाना आहे. दादा आणि ती आळीपाळीने लांबच्या छोट्या हॉस्पिटलांमधून रक्ताचे नमुने घेऊन यायचे. आता ती एकटीच जाते. एकट्या वैमानिकाने उडायचं तर ऑटोपायलट धड हवा, ही प्रयोगशाळेची अट आहे. आणि नवे पडदे बसल्यापासून ऑटोपायलट धड नव्हता. वहिनी दिशा ठरवून द्यायची, हात काढायची, आणि विमान हळूहळू डावीकडे सरकायला लागायचं. काचेवरचं जुनं होकायंत्र एक सांगे, पडदा दुसरं.

"सोमवारपर्यंत नीट करून द्या म्हणालेत," वहिनी म्हणाली. "नाहीतर काम दुसऱ्याला देणार. मग विमान ठेवून काय करू, पापड वाळत घालू त्याच्यावर?"

ती हसली नाही, मीही नाही. विमान विकायचं, हे ती बोलली नाही तरी मला कळलं.

खोड होती, पण ती आमच्यासमोर दिसेना. तापाने फणफणलेलं पोर दवाखान्यात शिरताच खेळायला लागतं, तसला प्रकार. पडद्याला दिशा कळवणारं, मी शेपटात बसवलेलं सेन्सर तपासलं, ठीक. पंखांवरच्या झडपा हलवणारी ऑटोपायलटची मोटर तपासली, ठीक. इंजिन चालू करून, दिवे लावून, रेडिओवर बडबड करूनही पाहिलं. पडदा आणि होकायंत्र जुळ्या बहिणींसारखी एकच दिशा दाखवत राहिली. वर्कशॉपच्या वैमानिकाने मागे एका मेकॅनिकला बसवून ते उडवून आणलं आणि म्हणाला, "मस्त आहे की. दोरी बांधल्यासारखं सरळ जातंय."

फोरमनकाका चहाचा कप घेऊन आले. "नाचता येईना अंगण वाकडं," ते हळूच म्हणाले. "तुझ्या वहिनीला नव्या पडद्यांची सवय नाही, दुसरं काय."

"तिचं नाचणं तुमच्यापेक्षा बरं आहे, काका."

ते गेले. पण मला ठाऊक होतं, त्यांच्या मनात वहिनी नव्हती, मी होते. भाऊ गेला त्या आठवड्यात हिने वायरी जोडल्या, कुठेतरी चुकलीच असणार. मलाही तसंच वाटत होतं. मी प्रत्येक सांधा उघडून पुन्हा बसवला. सगळे घट्ट. आपलेच हात आणि आपल्यालाच त्यांची खात्री नाही, ही गोष्ट वाईट वाटायला हवी होती. मला तेही नीट वाटत नव्हतं.

आमच्याकडे दादाचा एक नियम आहे. विमान कामाला द्यायचं तर आधी पूर्ण रिकामं करायचं, पेनसुद्धा ठेवायचं नाही. एकदा कोणाचा तरी चमचा सीटखाली सापडला तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. वहिनी तो नियम अजून पाळते. आपल्या शेडमध्ये विमान रिकामं करते, मगच ढकलत आमच्याकडे आणते. तिच्याकडचे नमुन्यांचे डबे मी बघून आले होते. प्लास्टिकचे. त्यांचा काही संबंध नव्हता.

शुक्रवारी मी तिच्या शेडवर गेले.

"वहिनी, मी बरोबर येते."

ती बघत राहिली. दादाशिवाय मी कधी त्या विमानातून उडाले नव्हते.

"थांब, आधी मागचं रिकामं करते."

"काही काढू नकोस. रोज निघतेस तशीच चल."

वर गेल्यावर तिने दिशा लावली आणि हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळाने विमान डावीकडे सरकायला लागलं. अगदी अलगद, रागलोभ नसल्यासारखं. मला हायसं वाटायला हवं होतं, खोड एकदाची दिसली म्हणून. मी फक्त खाली शेतं सरकताना पाहत होते.

उतरल्यावर इंजिन बंद केलं, पडदे चालू ठेवले. मी मागचं सामानाचं दार उघडलं. डब्यांच्या मागे, अगदी शेपटाच्या भिंतीला टेकून, जुन्या चादरीखाली पट्ट्याने आवळलेलं काहीतरी होतं. मी चादर उचलली.

दादाची हत्यारांची पेटी. लोखंडी, हिरवी, कोपरे पोचलेले. लहानपणी मी तिच्यावर बसून त्याचं काम बघायचे. आत पाने, हातोड्या आणि पडलेले स्क्रू उचलायचं ते दांड्याचं लोहचुंबक. आणि भिंतीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, मी बसवलेलं सेन्सर.

"ही इथे कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? एकटं उडायचं तर शेपटात वजन लागतं. तोच तर ठेवायचा ही कायम. तुला माहीत नाही होय?"

मला माहीत होतं. माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण सेन्सरसाठी जागा शोधताना शेपूट मला रिकामं दिसलं होतं. दादा गेला तेव्हा माझ्यापुरती त्याची पेटीही गेली होती. वहिनीपुरती ती गेली नव्हती. वर्कशॉपला येताना ती नियमाप्रमाणे उतरवायची आणि उडताना पुन्हा चढवायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

"पुढे बस. पडद्यावरचा आकडा सांगत राहा," मी म्हणाले आणि पेटी उचलून लांब नेली.

"हलला!" ती ओरडली. "सरकतोय... होकायंत्राशी जुळला गं!"

मी पेटी परत ठेवली. आकडा पुन्हा भरकटला.

वहिनी खाली उतरली. तिने पेटीच्या कडीवर हात ठेवला.

"नुसतं चुंबक काढलं तर?"

"लोखंडही नको, वहिनी. सेन्सर होकायंत्रासारखंच, जवळच्या लोखंडानेही भुलतं. जागा माझी चुकली. सेन्सर हलवायचं तर पुन्हा सगळं उघडावं लागेल. सोमवार हातचा जाईल."

"मग वाळू भर. हिच्याच वजनाची."

आम्ही पेटी काट्यावर ठेवली आणि तेवढी वाळू पिशव्यांत भरली. पेटी तिने माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे असू दे. पण वापर हं, गंज चढू देऊ नकोस."

सोमवारी ती नमुने घेऊन परतली तेव्हा मी धावपट्टीच्या कुंपणाशी उभी होते. ती चालत आली, टोपी काढली.

"सरळ गेलं," ती म्हणाली. "जाताना आणि येताना. एकदासुद्धा वळलं नाही."

"मग काम आपल्याकडेच राहिलं ना?"

"राहिलं." तिने मागे विमानाकडे पाहिलं. "इतके दिवस मागे पेटी असायची गं. आज पहिल्यांदा मी एकटी गेले."

"उद्या मी येते," मी म्हणाले.

वहिनीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, दादा पाहायचा तसं. "ये की. पण मागे बस, बारके. म्हणजे वाळू भरायची गरजच नाही."

मला हसू आलं. हसता हसता मी कुंपणाची जाळी धरून तिथेच रडायला लागले. वहिनीने मला रडू दिलं.