साखराबाईची साक्ष

“फिट बंद झाल्या, तिथवरच सांगा साखराबाई. पुढचं सांगायची गरज नाही.”

पास्टर रविकिरण तिच्या खुर्चीशी वाकून बोलत होते, कारण शेजारच्या स्पीकरमधून ‘हॅलो, हॅलो, चेक’चा गजर चालला होता. अर्धापूरजवळ केळीच्या बागेला लागून असलेल्या रिकाम्या रानात सभेचा मांडव पडला होता. पंचक्रोशीत मांडववाला एकच. त्यामुळे लग्नाला, सप्ताहाला आणि पुढाऱ्याच्या भाषणाला जी गुलाबी झालर लागते, तीच येशूच्या सभेलाही लागली होती. बाया सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या होत्या. साखराबाईला मात्र पुढे खुर्ची होती.

साखराबाईने पदर सारखा केला. तिला समजलं असं धरून पास्टर पुढच्या कामाला गेले.

पास्टर माणूस वाईट नव्हते. साखराबाईची लेक गेली, तेव्हा पुरायच्या जागेवरून कुरकुर सुरू झाली. दिवसभर उन्हात उभं राहून, चार जणांच्या हातापाया पडून त्यांनीच जागा मिळवली होती, आणि खड्ड्यात उतरून माती सारखी केली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की लोक लांबून आशेने येतात, त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवू नये. पण त्यांनाही सगळं माहीत नव्हतं. ते फक्त दोघांना माहीत होतं, साखराबाईला आणि तिच्या नवऱ्याला.

साखराबाई मुखेडला शाळेत खिचडी शिजवायची. नवरा मलप्पा बाजारात हातगाडा ओढायचा. दोघांना एकच लेक. ती तिसरीत असताना शाळेच्या अंगणात धाडकन पडली, तोंडाला फेस आला, आणि तिथून ते मागेच लागलं. लोकांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. दर्ग्यातला धागा झाला, देवऋषी झाला. शेवटी कुणीतरी शहाण्या माणसाने नांदेडच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवली आणि गोळ्या सुरू झाल्या. मलप्पा दर महिन्याला एसटीने जाऊन गोळ्या घेऊन यायचा. गाडा ओढणारा माणूस, अक्षरशत्रू, पण गोळ्यांची तारीख कधी चुकली नाही.

त्याच सुमाराला शेजारच्या पत्र्याच्या खोलीत पास्टर रविकिरण प्रवचनाला येऊ लागले. साखराबाई आधी दारातच उभी राहिली. बोलावलं नसताना आत जाऊन बसायची तिला सवय नव्हती. पास्टर एका बापाची गोष्ट सांगत होते. त्याची लेक मरून पडली होती, घरात रडारड चालली होती, आणि येशूने त्या पोरीचा हात धरून तिला उठवून बसवलं. ऐकता ऐकता साखराबाई उंबऱ्यातच बसली. हा माणूस आपल्याच घरात डोकावून बोलतोय, असं तिला वाटलं. देव पोरीचा हात धरतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला माहीत असलेले देव कोपायचेच जास्त.

ती जाऊ लागली. प्रार्थना शिकली. आणि लेकीच्या फिट थांबल्या. गोळीने थांबल्या की प्रार्थनेने, हे करणाऱ्यालाच ठाऊक. साखराबाईपुरता प्रश्न मिटला होता.

या मंडळींत एक रीत असते. ज्याच्या घरी देवाने काही केलं, त्याने सगळ्यांपुढे उभं राहून ते सांगायचं. त्याला साक्ष देणं म्हणतात. मग साखराबाईही उभी राहिली. आयुष्यात लोकांनी तिला आजवर एवढंच सांगितलं होतं, की आज मीठ कमी पडलं. तिने कुणाला काही सांगायचं, आणि लोकांनी ते ऐकून डोळे पुसायचे, हे तिला स्वप्नातही सुचलं नसतं. पण तिने सांगितलं, आणि बाया रडल्या. मग दुसऱ्या गावाहून बोलावणं आलं, मग तिसऱ्या. लोक तिला साक्षीवाली बाई म्हणू लागले. कपबशीतून चहा येऊ लागला. तिच्या बोलण्याने नायगावकडच्या एका माणसाची दारू सुटली, एका बाळंतिणीने जीव द्यायचा विचार टाकला. खिचडीचं पातेलं घासतानाही साखराबाई मनात पुढच्या गावाला काय सांगायचं ते जुळवत असायची. तिला जगायला कारण मिळालं होतं, आणि ते काही खोटं कारण नव्हतं.

खोटं आलं ते एका ओसरीवर. साक्ष संपली, आणि भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हातारीने साधाच प्रश्न विचारला, “गोळ्या चालू हायत का आता?”

“न्हाई,” साखराबाई म्हणाली.

ओसरी दणाणून हालेलुया झालं. परतीच्या एसटीत साखराबाईला मात्र खिडकीबाहेरचं काही दिसेना. गोळ्या तर चालू होत्या. ती देवाच्या नावाने, देवाच्याच कामात खोटं बोलली होती. दुसरी कुणी असती तर सोडून दिलं असतं, किंवा पुढच्या वेळी सावरून घेतलं असतं. साखराबाईने आपल्या डोक्याने वाट काढली. तोंडातून गेलेलं खोटं तिने खरं करायचं ठरवलं. त्या संध्याकाळी तिने लेकीला गोळी दिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता ती खोटं बोललेली नव्हती. मलप्पा गोळ्या आणत राहिला, ती डब्यात टाकत राहिली. लेकीने एकदोनदा विचारलं, तर आता गरज नाही म्हणाली. पोरगी खूश झाली, गोळीने तिला वर्गात झोप यायची.

काही दिवस काहीच झालं नाही, तेव्हा साखराबाईने देवाने माफ केलं असं मानलं. मग एका रविवारी लेक धुणं घेऊन तळ्यावर गेली. पाणी गुडघ्याएवढं होतं. बाकीच्या बाया कपडे वाळत घालून वळल्या, तेव्हा ती पालथी तरंगत होती.

मातीनंतर मलप्पाच्या हाताला तो डबा लागला. त्याने झाकण काढून आत बघितलं, बराच वेळ बघितलं. तो ओरडला नाही, हात उचलला नाही. “मी आणत हुतो की गं,” एवढंच म्हणाला. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं, असं साखराबाईला रोज वाटायचं.

आणि गंमत बघा, ज्याच्या नावाने हे सगळं झालं, त्याच्याच पायाशी ती रोज रडत होती. त्याला सोडून जायचं तिने मनात आणून पाहिलं, पण दुसरीकडे तोंड दाखवायला जागा नव्हती.

मांडवात गाणं सुरू झालं. तेवढ्यात सतरंजीवरून एक बाई उठून तिच्या खुर्चीपाशी आली. इस्त्रीची पांढरी साडी, कडेवर पाच-सहा वर्षांची पोरगी.

“तुम्हीच ना मुखेडच्या साक्षीवाल्या काकू? मी पंचशीला. विष्णुपुरीहून आलाव. माझ्या नणंदेनं तुमचं ऐकलं हुतं, तिनं सांगितलं मला. ही धम्मप्रिया. हिला बी तसंच व्हायलंय.”

साखराबाईने पोरीकडे बघितलं. पोरगी तिच्या हातातल्या बांगड्या मोजत असल्यासारखी टक लावून बसली होती.

“आमचं घर विहारात जाणारं,” पंचशीला हळूच म्हणाली. “मी हितं आले म्हणून घरात कुणी धड बोलंना माझ्याशी. पर म्या ठरवलं. तुमच्यावानी म्या बी हिच्या गोळ्या बंद केल्या.”

“कधी?”

“या आठवड्यात. आजून कायी झालं न्हाई बघा.”

साखराबाईने पंचशीलाचा हात पकडला आणि गोळ्या आजच चालू कर, आत्ता कर, म्हणून सांगितलं. पंचशीला हसली. चांगलं मोकळं हसली.

“मला नणंद म्हणलीच हुती, विश्वासाची परीक्षा व्हते म्हणून. तुम्ही परीक्षा बघायल्या माझी.”

“परीक्षा न्हाई माय. खरंच सांगायले.”

पण खरं ते तिने सांगितलं नाहीच. माझी लेक मेली, हे तीन शब्द तिच्या घशापर्यंत आले आणि तिथेच थांबले. ते शब्द बाहेर पडले की ही खुर्ची, ती गावं, त्या ओसऱ्या, पातेलं घासताना मनात येणारं सगळं संपणार होतं. लेक गेल्यावर तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. तेवढ्यात स्पीकरवर तिचं नाव पुकारलं गेलं, आणि पंचशीला हात जोडून आपल्या जागेवर जाऊन बसली.

माईक हातात आला आणि जीभ आपली आपण चालू लागली. इतक्या वेळा सांगितलेलं, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं तिला पाठ. लेक शाळेत पडली. धागा झाला, देवऋषी झाला. मी दारात उभी राहिले. आणि फिट बंद झाल्या. मांडवभर हालेलुया उठलं. पास्टर हसऱ्या चेहऱ्याने माईक घ्यायला पुढे आले. समोर पंचशीलाने डोळे मिटून, दोन्ही हात पोरीच्या डोक्यावर ठेवले होते.

साखराबाईने माईक सोडला नाही.

“आजून हाय,” ती म्हणाली. “फिट बंद झाल्या तवा गोळ्या चालू हुत्या. मला एकीनं इचारलं, म्या न्हाई म्हणलं. लबाड बोलले. मग ती लबाडी खरी करावं म्हणून म्या लेकीच्या गोळ्या बंद केल्या. पास्टरनी न्हाई सांगितलं, कुणीच न्हाई सांगितलं. तिचा बाप आणून देत हुता, म्या डब्यात टाकत हुते. माझी लेक तळ्यात पडून मेली. गुडघाभर पाण्यात.”

तिने माईक दोन्ही हातांनी धरला.

“येशूनं तिला न्हाई मारलं. म्या मारलं. तरी त्यो मला सोडून गेला न्हाई. काहून न्हाई गेला, मला कळंना. रोज इचारते. तुम्ही प्रार्थना करा, लई करा. पर लेकराची गोळी बंद करू नका. माझं ऐकून कुणी केली असंल, तर आज घरी जाऊन द्या.”

साक्ष संपली की लोक आमेन म्हणतात. कुणीच म्हणालं नाही. मागून एक पुरुष म्हणाला, बाईला खाली घ्या. पास्टरांनी तिच्या हातातून माईक घेतला, अगदी हळू घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही. त्यांचा आवाज गाण्याच्या पहिल्याच ओळीला फाटला. साखराबाई मंचावरून उतरली. खुर्चीपर्यंत जायचं तिला धैर्य झालं नाही. सतरंजीवरच्या बायांनी पाय आखडून वाट दिली, आणि पदरही आवरून घेतले. पंचशीलाची जागा रिकामी होती.

ती रस्त्यावरच्या थांब्यापाशी सापडली. पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून पोरीला बाटलीतलं पाणी पाजत होती. टाकून द्यायचा धीर झाला नव्हता म्हणून गोळ्या अजून जवळ होत्या. पोरीने गोळी गिळल्यावर तिने तोंड उघडायला लावून आत बघितलं, आणि मग साखराबाईकडे वळली.

“हिला कायी झालं असतं म्हंजे?”

साखराबाईने मान खाली घातली.

“तिथं खुर्चीवर बसून काहून न्हाई सांगितलं? माझा हात धरून बसला हुता तुम्ही.”

“जीभ उचलली न्हाई माय.”

“तुमच्या तोंडाकडं बी बघू वाटंना मला.”

“हाव,” साखराबाई म्हणाली. “नको बघू. पर सरळ दवाखान्यात जा. मधी बंद पडल्या हुत्या म्हणून डॉक्टरला सांग, लपवू नको.”

पंचशीलाने पाकीट पिशवीत ठेवलं. दोघी थांब्याच्या बाकावर दोन टोकांना बसल्या, मध्ये पोरगी. मांडवातलं गाणं इथवर ऐकू येत होतं. केळीचे घड लादलेला एक टेम्पो धूळ उडवत गेला. साखराबाईला आठवू लागलं, कुठल्या कुठल्या गावात आपण साक्ष दिली. त्या सगळ्या गावांना आता परत जावं लागणार होतं. आता कुणी कपबशी काढणार नव्हतं, कदाचित ओसरीवरही चढू देणार नव्हतं. तरी जायचं. अंगणात उभं राहून सांगायचं. कुणास ठाऊक, आणखी किती पंचशीला घरात बसल्या असतील. देवाने तिच्याकडे आता एवढंच काम ठेवलं होतं, आणि ते तिने नको म्हटलं नाही. आज सगळ्यांपुढे काय बोललो, ते मलप्पालाही सांगायचं होतं. तो काय म्हणेल याची तिला भीती वाटत होती, काहीच म्हणणार नाही याची जास्त.

धम्मप्रिया बराच वेळ तिच्याकडे बघत होती.

“काकू, तुमच्या पोरीचं नाव काय हुतं?”

साखराबाई दचकली. एवढ्या गावांत लोकांनी फिटबद्दल विचारलं, गोळ्यांबद्दल विचारलं, कोणती प्रार्थना केली, किती उपवास केले, सगळं विचारलं. हे कुणी विचारलं नव्हतं. तिनेही कधी सांगितलं नव्हतं. साक्षीत ती नेहमी ‘माझी लेक’ म्हणायची. लेक गेल्यापासून घरातही ते नाव दोघांपैकी कुणी उच्चारलं नव्हतं.

“शिवांगी,” ती म्हणाली.

पोरीने ते नाव एकदा म्हणून बघितलं. मग पाय हलवत पुन्हा म्हणाली. पंचशीला दुसरीकडे बघत होती, पण तिने लेकीला गप्प केलं नाही.