शेवटची वीस पानं

घरं विकून देण्याच्या धंद्यात बोलण्यापेक्षा वाट बघण्यातच जास्त वेळ जातो. गिऱ्हाईक अकराला येतो म्हणतं आणि पाऊणला उगवतं. तो मधला वेळ एजंटबाई रिकाम्या घरात खिडकीपाशी बसून कादंबऱ्या वाचायच्या. कादंबऱ्या सगळ्या एकाच जातीच्या. कड्यावरचं एकाकी घर, वरच्या मजल्यावर बंद खोली, अबोल आणि देखणा मालक, भिंतीतून येणारे उसासे, आणि हातात दिवा घेतलेली एक एकटी मुलगी. मुखपृष्ठावर ती मुलगी कायम घरापासून लांब पळत असायची. आत मात्र ती कधीच पळायची नाही. ती सरळ वर जाऊन खोली उघडायची. एजंटबाईंना तिचं हेच आवडायचं.

त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या, लग्न केलेलं नव्हतं, भाऊ-भावजयीबरोबर राहायच्या. अख्खा बाजार त्यांना एजंटबाई म्हणायचा. चिडली की भावजयसुद्धा तेच म्हणायची.

दातांच्या डॉक्टरांचं घर त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांना वाटलं, हे आठवड्यात जाणार. रस्त्याच्या टोकाला दुमजली घर, भरपूर उजेड, नळ न गळणारे, जिना रुंद. डॉक्टर स्वतः दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेले होते. माणूस उंच, भुवया मध्यभागी जुळलेल्या, बोलणं मोजून मापून. समोरच्याचं तोंड सतत उघडं आणि तरी त्याला उत्तर देता येत नाही, अशा कामात वीस वर्षं गेल्यामुळे त्यांची गप्पांची सवयच मोडली होती.

किल्ल्या देताना ते म्हणाले, "वरची डावीकडची खोली दाखवायची नाही."

"का हो?"

"नाही म्हणजे नाही."

एजंटबाईंच्या काळजाचा ठोका चुकला. भीतीने नव्हे, आनंदाने.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक नवं जोडपं. त्यांना ओटा आवडला, कपाटं आवडली. नवरा खिडकीची लांबी मोजत होता तेवढ्यात वर कुणीतरी सावकाश चाललं. टप. टप. टप. मग थांबलं. बायको म्हणाली, "वर कोण राहतं?" एजंटबाई म्हणाल्या, "कोणी नाही." खरं बोलण्याचा एवढा तोटा त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाच जणांचं कुटुंब आलं. स्वयंपाकघरातल्या धुराड्याच्या पाइपातून घोगरा आवाज आला, "जाऽऽ... जाऽऽ..." ते गेले. एवढं सांगितलेलं ऐकणारी गिऱ्हाइकं एजंटबाईंनी पहिल्यांदाच बघितली. तिसरे एक निवृत्त इंजिनीअर होते. भुताखेतांवर आपला काडीचा विश्वास नाही, असं त्यांनी दारातच जाहीर केलं. न्हाणीघरापासून खिडकीपर्यंत गेलेली ओली पावलं दिसली तेव्हा त्यांनी खाली वाकून पावलाचं मापही घेतलं. पण ती पावलं खिडकीपाशी संपत होती आणि खिडकीला गज होते. हे ध्यानात आल्यावर ते इतक्या वेगाने निघाले, की एक बूट मागे राहिला.

एजंटबाईंनी तो बूट पिशवीत घातला आणि समोरच्या इस्त्रीवाल्या बाईंकडे चौकशीला गेल्या.

"डॉक्टरांची बायको?" इस्त्रीवाली कॉलरवर पाणी शिंपडत म्हणाली. "गेली की चार वर्षांपूर्वी."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली. सोमवारी होती, मंगळवारी नव्हती. सासू त्यांच्याकडेच राहायची, तिची आई. ती आत्ताआत्तापर्यंत दिसायची. तीन आठवडे झाले, तीही दिसत नाही." तिने इस्त्री उभी केली आणि आवाज खाली आणला. "पहाटे मागच्या बोळातून डोक्यावरून शाल घेतलेलं काहीतरी जातं. मी स्वतः बघितलंय. मी दार लावून घेतलं."

घरी आल्यावर एजंटबाईंनी सगळं भावजयीला सांगितलं. दोन बायका, एक बंद खोली, एक अबोल माणूस.

"पोलिसांत जा," भावजय म्हणाली.

"पुरावा काय देऊ?"

"भुवया."

एजंटबाईंनी पोलिसांत जाण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीनेच घर गाठलं. रिकाम्या घरांची त्यांना पंधरा वर्षांची ओळख होती. रिकामं घर कसं वास मारतं, कुठे धूळ धरतं, हे त्यांना पाठ होतं. हे घर रिकामं नव्हतं. मोरीत चहाची गाळणी पालथी होती आणि तिच्यातली पत्ती ओली होती. भूत चहा पीत होतं, आणि प्यायल्यावर गाळणी पालथी घालत होतं.

पण त्यांना खरा धक्का बसला तो बैठकीच्या खोलीत. आदल्या दिवशी बुटाच्या गडबडीत त्यांची कादंबरी इथेच राहिली होती. खूण एकशे बाराव्या पानावर होती. आता ती खूण बाजूला टेबलावर होती आणि शेवटच्या प्रकरणाच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

पानं दुमडणाऱ्या माणसांचा एजंटबाईंना मनस्वी तिटकारा होता. पावलं, आवाज, शाल, सगळं त्या सहन करू शकत होत्या. हे नाही.

त्यांनी मनाशी बेत ठरवला. त्याच लेखिकेची दुसरी कादंबरी, पहिलीपेक्षा भारी, त्यांनी घरून आणली. तिची शिवण तशीही उसवलेली होती. शेवटची वीस पानं त्यांनी हलकेच सोडवून पर्समध्ये ठेवली आणि उरलेलं पुस्तक टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. डॉक्टरांना फोन करून एवढंच सांगितलं, "परवा चार वाजता घरी या. महत्त्वाचं माणूस भेटायचंय."

परवाच्या दिवशी त्या तीनलाच पोचल्या. पुस्तक जागचं हललं होतं आणि त्याच्या पाठीला जोराने आपटल्याचा डाग पडला होता. एजंटबाई स्वयंपाकघरात पाइपाखाली खुर्ची घेऊन बसल्या, पर्समधून पानं काढली आणि मोठ्यांदा वाचू लागल्या.

"'तिने किल्ली फिरवली. दार उघडलं. खोलीच्या मधोमध पाठमोरी उभी असलेली आकृती हळूहळू वळली. तो चेहरा बघून तिच्या तोंडून शब्द फुटेना. कारण तो चेहरा...'"

त्या थांबल्या. पानं मांडीवर ठेवली. चष्मा पुसायला घेतला.

पाइपातून आवाज आला, "कारण तो चेहरा काय?"

"खाली या, मग सांगते," एजंटबाई वर न बघता म्हणाल्या.

"आधी सांग."

"जमणार नाही."

वर कडी निघाली. जिन्यावर पावलं वाजली, यावेळी टपटप नव्हे, गुडघे दुखणाऱ्या माणसाची. दारात एक बुटकी म्हातारी उभी राहिली. अंगात स्वेटर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, पायात कुणाच्या तरी भल्यामोठ्या चपला.

"मालकाचाच चेहरा असणार," ती म्हणाली. "पहिल्यापासून माझा त्याच्यावर संशय आहे."

"तुम्ही डॉक्टरांच्या सासूबाई."

"होते." म्हातारीने खुर्ची ओढली. "मुलीने त्यांना सोडलं, दुसऱ्या गावी गेली, पुढे घटस्फोटही झाला. मी राहिले. मुलीचं नि माझं एका छपराखाली दोन दिवस पटत नाही. चार वर्षं बरी गेली. मग एक दिवस हे म्हणाले, घर विकतो, तुम्ही मुलीकडे जा, तिथे तुम्हाला बरं पडेल. मी काय म्हणणार? जावई तरी कुठे उरले होते ते माझे. टॅक्सीत बसले, स्टेशनवर गेले, दोन तास बाकावर काढले आणि बसने परत आले. घराची नि माझ्या खोलीची, दोन्ही किल्ल्या होत्या माझ्याकडे."

"आणि मुलीने शोधलं नाही?"

"तिला वाटतं मी इथे आहे. यांना वाटतं मी तिथे आहे. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत." तिने स्वेटरच्या बाहीवरचा धागा ओढला. "मला वाटलं होतं, आठवड्याभरात कुणीतरी एक फोन करेल. मग म्हटलं, आपण कुठेच नाही तर भूतच होऊ. असल्याच पुस्तकांनी फार मदत केली हं, माझ्या खोलीत थप्पी आहे त्यांची. तो ओल्या पावलांचा प्रकार तिथलाच. उलट चालत आले नि पावलांवरच पाय ठेवले."

तेवढ्यात पुढच्या दाराच्या कुलुपात किल्ली फिरली.

"ते आले!" म्हातारी ताडकन उठली. "मी नाहीये म्हणून सांग." आणि पन्नाशीतल्या बाईच्या चपळाईने ती पडद्याआड गेली.

डॉक्टर आत आले. त्यांच्या कोटाच्या खिशात काहीतरी लोखंडी खणखणत होतं. एजंटबाईंना सगळं कळलं होतं, तरी सवयीने त्यांच्या अंगावर काटा आला. त्या कादंबरीतल्या मुलीसारख्या ताठ उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, तुमच्या सासूबाई कुठे आहेत?"

"मुलीकडे."

"खात्री आहे?"

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या, मग खाली आल्या, आणि ते म्हातारीच्याच खुर्चीत बसले. "नाही. मी फोन केलेला नाही. रोज हात फोनपर्यंत जातो. पण तो त्यांची मुलगी उचलेल. आणि काय विचारू? कशा आहेत? मीच पाठवलंय त्यांना."

"का पाठवलंत?"

"मला वाटलं, माझी कीव येते म्हणून राहतात. म्हाताऱ्या माणसाने एका सोडलेल्या जावयासाठी किती दिवस जेवण गरम करायचं?" एवढं सलग बोलून त्यांना दम लागल्यासारखा झाला. "आम्ही फार बोलायचो नाही. त्या मला पेपरातलं भविष्य वाचून दाखवायच्या. माझा विश्वास नाही. पण त्या गेल्यापासून दिवस कसा जाणार तेच कळत नाही. ती खोली म्हणून बंद ठेवली. लोकांनी त्यांच्या वस्तूंमधून फिरू नये."

पडद्याने जोरात नाक ओढलं.

डॉक्टरांनी मान वळवली. पडद्याच्या खालून दोन चपला दिसत होत्या.

"आई," ते म्हणाले, "त्या चपला माझ्या आहेत."

"मग घेऊन जा!" पडदा बाजूला करत म्हातारी कडाडली. "तीन आठवडे! एक फोन नाही! मेले असते तर वासावरून कळलं असतं तुम्हाला!"

"मला वाटलं तुम्ही रागावला आहात."

"रागावलेच आहे! रागावलेल्या माणसाला फोन करायचा नसतो का?"

"आणि जेवत काय होता तुम्ही?"

"बिस्किटं! पहाटे शालीत तोंड लपवून आणलेली! आणि तुम्ही?"

"पाव."

दोघं एकमेकांकडे असे बघू लागले, जसा काही सगळा गुन्हा दुसऱ्यानेच केला होता. डॉक्टरांनी डोळे पुसायला खिशातून रुमाल काढला तेव्हा त्याच्याबरोबर दात उपटायचा चिमटा खाली पडला. सकाळच्या रोग्याच्या गडबडीत तो खिशातच राहिला होता, आणि आपल्यावर दोन खुनांचा संशय होता हे त्यांना पुढे कित्येक महिन्यांनी कळलं.

"आता भांडण पुरे," म्हातारी म्हणाली. "पोरी, तो चेहरा कोणाचा?"

मग एजंटबाईंनी ती वीस पानं वाचली. डॉक्टर जायला उठले होते, ते दाराशीच उभे राहिले. चौथ्या पानावर परत बसले. नवव्या पानावर म्हणाले, "म्हणजे मालक निर्दोष आहे?" म्हातारीने त्यांना गप्प बसवलं. शेवटच्या पानावर मुलीने घरही ठेवलं आणि मालकालाही. एजंटबाईंचं मत असं पडलं की तिने दुसऱ्या गोष्टीची घाई केली.

"का?" डॉक्टरांनी विचारलं. "माणूस चांगला निघाला की."

"वीस पानांत निघाला. आधीच्या तीनशे पानांत त्याला तोंड नव्हतं?"

डॉक्टरांनी यावर विचार केला. चार दिवसांनी त्यांनी एजंटबाईंना फोन केला आणि घर विकायचं नाही असं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी फोन ठेवला नाही. हवेबद्दल बोलले. एका रोग्याच्या अक्कलदाढेबद्दल बोलले. ते बोलत असताना मागून म्हातारी "पुस्तकांचं विचारा, पुस्तकांचं" असं कुजबुजत होती.

डॉक्टर पुन्हा त्या घरात राहायला आले आणि खालची पुढची खोली एजंटबाईंनी कचेरीसाठी भाड्याने घेतली. डॉक्टर संध्याकाळी दवाखाना बंद करून यायचे आणि दारात उभे राहून एक गोष्ट सांगायचे. सुरुवातीला ती एका वाक्याची असायची. सहा महिन्यांनी चहा निवेपर्यंत संपायची नाही. म्हातारीला हा वेग सोसवत नव्हता. कादंबरीत एवढ्यात दोनदा आग लागून गेली असती, असं ती म्हणायची.

दीड वर्षाने डॉक्टरांनी आणि एजंटबाईंनी नोंदणी कार्यालयात लग्न केलं. नवरीकडून भाऊ-भावजय आले होते. नवऱ्याकडून कोण, असं कारकुनाने विचारलं तेव्हा म्हातारी पुढे झाली आणि साक्षीदार म्हणून सही केली. नातं काय लिहू, असं त्याने विचारलं.

"सासू," ती म्हणाली.

"नवरीची आई?"

"नाही. आधीच्या नवरीची."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. त्याला समजावता समजावता पंधरा मिनिटं गेली, मागची रांग दारापर्यंत पोचली. शेवटी त्याने नात्याच्या जागी 'कुटुंबीय' असं लिहिलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, माझ्या नवऱ्याचं लग्न तू लावून दिलंस?"

"तुझा होता तेव्हा तू कुठे सांभाळलास," म्हातारी म्हणाली, आणि फोन डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टर तिच्याशी साडेपाच वर्षांत पहिल्यांदा बोलले, आणि चांगलं दहा मिनिटं बोलले.