धाकटीच्या परसातली तुती

गिऱ्हाईक फोन पुढे धरून म्हणालं, "असं झाड करून द्याल का?" आणि नर्सरीवाल्या बाईच्या पोटात त्या क्षणापासून दुखायला लागलं.

बाई म्हणजे घरातली थोरली. रोपं वाकवून त्यांच्या कमानी, छत्र्या, जाळ्या करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे सगळ्यांत आधी तीच सांगायची. एक गोष्ट मात्र तिला काही केल्या साधली नव्हती. बाकाचं झाड. खोडानं गुडघ्याइतकं वर यावं, तिथून आडवं वळावं, दोन माणसं बसतील इतकं तसंच जावं आणि मग पुन्हा उभं राहावं. तारा आवळून झाल्या, विटा टांगून झाल्या. कधी वळणावर खोड तडकायचं, कधी आडव्या भागावर कोंबांचं रान माजायचं आणि पुढचा शेंडा उपाशी मरायचा. नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात असल्या लंगड्या झाडांची रांगच लागली होती. तिकडे ती गिऱ्हाइकाला फिरकू देत नसे.

फोटोत तेच झाड होतं, आणि ते लंगडं नव्हतं. त्याच्यावर एक जोडपं दात काढून बसलं होतं. मागे निळ्या गजांची खिडकी दिसत होती. ती खिडकी थोरलीनं ओळखली. ती तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या घराची होती.

आता धाकटी कोण, तर ब्लाउज शिवणारी. तिच्या घरी कुंडीतली तुळतुळीत हिरवी वेलसुद्धा महिनाभर तग धरत नसे. शेजारच्या कुणाचं असतं तर थोरलीनं नाक मुरडून सोडून दिलं असतं. धाकटीचं म्हटल्यावर अंगाचा तिळपापड झाला. गिऱ्हाइकाला तिनं "बघू" म्हणून वाटेला लावलं आणि दुपारभर रोपांना पाणी घालताना तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिली.

कारण तिला एकच गोष्ट सुचत होती. आप्पा.

आप्पा म्हणजे त्यांचे वडील. झाड वाकवायची विद्या थोरलीला त्यांनीच दिली. डावी बाजू गेल्यावर ते धाकटीकडे राहायला गेले आणि पाच वर्षं अंथरुणावर काढून तिथेच वारले. बाकाचं झाड करते म्हटल्यावर हेच आप्पा थोरलीला म्हणाले होते, की तसलं झाड होत नसतं, नाद सोड. आणि मग धाकटीच्या परसात ते झालं कसं? मला म्हणे होत नसतं, आणि हिला पडल्या पडल्या शिकवलं. विचार करकरून थोरलीनं हे इतकं पक्कं केलं, की तिला ते जणू डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटू लागलं. आयुष्यभर त्यांच्या मागे माती उपसली ती मी, आणि शेवटचा घास भरवला तो हिला.

रविवारी ती न कळवता धाकटीकडे गेली. आप्पा गेले तेव्हा आली होती, त्यालाही तीन वर्षं झाली. तेव्हा पुढच्या खोलीतूनच परत गेली होती, परसात कोण जातंय. त्याआधीची पाच वर्षं तिला सवड झाली नव्हती. पावसाळ्यात लावणी, हिवाळ्यात प्रदर्शनं, उन्हाळ्यात पाणी. नर्सरीवाल्याला मोकळा ऋतू नसतो असं ती फोनवर सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

धाकटी मशीनवर बाही लावत होती. ताईला दारात पाहून ती इतकी गडबडली की बाही उलटी शिवली गेली. चहा टाकते म्हणाली. थोरली म्हणाली चहा राहू दे, आणि तडक परसात गेली.

तुतीचं झाड होतं. फोटोपेक्षाही देखणं. थोरली त्याच्याभोवती एक फेरी मारून आली आणि मग गुडघ्यावर बसून वळणावरून हात फिरवू लागली. तडा नाही. गाठ नाही. आडवं खोड सबंध गुळगुळीत, एक कोंब म्हणून फुटलेला नाही, म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं कोंब खुडले असणार. पुढचं टोक थेट खिडकीच्या गजांशी जाऊन उभं राहिलेलं. हे तिला स्वतःला जमलं असतं तर तिनं आणखी काही मागितलं नसतं. शेंड्याच्या जरा खाली तिच्या बोटाला एक खोलगट वळ लागला. दोरीचा. म्हणजे चोरी सापडली.

"आप्पांनी शिकवलं ना हे तुला?" तिनं विचारलं.

"काय शिकवलं?"

"सोंग नको करूस. इथे दोरी होती. झाडं आपली आपण अशी वाढत नाहीत."

धाकटीला आधी हसू आलं. मग ताईचा चेहरा बघून ते विरलं. पायरीवर बसून तिनं जे सांगितलं ते असं. आप्पा आले तेव्हा ही तुती काठीएवढी होती. चादरी दिवसातून दोनदा धुवाव्या लागत आणि वाळत घालायला परसात दुसरा खांब नव्हता. म्हणून खिडकीच्या गजापासून तुतीपर्यंत तिनं दोरी बांधली. ओल्या चादरींच्या वजनानं झाड खिडकीकडे झुकायचं, दोरी सैल पडायची, चादरी मातीत लोळायच्या. मग ती दोरी पुन्हा जराशी ताणून बांधायची. झाड अगदी आडवं झाल्यावर ती जाड गोधडी सरळ त्याच्यावरच टाकू लागली. ओढता-काढताना कोंब आपोआप घासून जात. आप्पा गेल्यावर धुवायला काही उरलं नाही तेव्हा तिनं दोरी सोडली. झाड तसंच राहिलं. आता ब्लाउज न्यायला आलेली गिऱ्हाइकं त्याच्यावर बसून फोटो काढतात.

थोरली ऐकत होती आणि तिच्यातली नर्सरीवाली मनातल्या मनात मान डोलावत होती. रोज थोडं वजन, रोज थोडी ढील. इतक्या सावकाश तिनं कधी काही वाकवलंच नव्हतं. म्हणजे विद्या कुणी कुणाला दिलेली नव्हती. तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट ती जास्तच चिडली.

"पण झाड वाकतंय हे दिसत होतं ना? एक बांबू रोवून दोरी तिकडे बांधायला काय झालं होतं?"

"आणला होता बांबू. आप्पांनी हात लावू दिला नाही." धाकटी मांडीवरचे दोरे उचलत म्हणाली. "म्हणाले, झाडातलं तुला काही कळत नाही. वाकलेलं एकदम सोडलंस तर मोडेल. थोरली येईल, ती बघेल, मग काय ते कर."

थोरली बोटानं दोरीचा वळ चाचपत राहिली.

"खिडकीतून दिवसभर बघत बसायचे. शेंडा वर वळला तेव्हा मला म्हणाले, आता तरी तिला बोलाव. मी फोन केला होता तुला. तुझं प्रदर्शन होतं." मग धाकटीला राहवलं नाही. "तुझा इतका राग यायचा ना ताई. चादरी धुवायच्या मी, कूस बदलायची मी, आणि माझ्या परसातल्या झाडाला हात लावायचा तर तुला विचारून. जेवण पुढे ठेवलं तरी डोळे त्या झाडाकडे. माझ्याकडे कधी असं बघितलं नाही त्यांनी."

हेच ऐकायला तर थोरली आली होती, आप्पांचा भरवसा आपल्यावरच होता म्हणून. ते आता मिळालं, आणि ते कुठे ठेवावं तिला कळेना. तिच्या डोळ्यांपुढे त्या चादरी येत होत्या. रोज दोन वेळा आप्पांच्या अंगाखालून निघणाऱ्या, तिनं एकदाही न धुतलेल्या. त्यांचा तिला हेवा वाटला, आणि हा हेवा सांगायची सोय नव्हती.

"आता आलीच आहेस तर सांग," धाकटी म्हणाली. "वेळेवर आली असतीस तर काय केलं असतंस?"

थोरलीनं खोडावरचा हात काढला. खोटं बोलावंसं वाटलं, पण झाडांच्या बाबतीत तिला खोटं बोलता येत नसे.

"काठी लावून उभं केलं असतं. महिन्याभरात सरळ झालं असतं."

"आप्पाही तेच म्हणायचे," धाकटी म्हणाली. "थोरली आली की होईल सरळ."

आणि ती चहा टाकायला आत गेली.